कानातला दुवा

माणसाला माणूस का पटतो, याचा शोध लागला तेव्हा ती बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, एका कोपऱ्यात आली होती. शोध म्हटलं तर साधाच होता. दोन माणसांचं जमायला लागलं की त्यांच्या बोलण्याचा वेग नकळत सारखा होतो, आवाजाच्या पट्ट्या जवळ येतात, श्वास घ्यायच्या जागासुद्धा जुळतात. यात नवीन काही नाही. गप्पा रंगल्या की काय होतं हे ज्याला त्याला ठाऊक असतं. पण शास्त्रज्ञांनी गाडी उलटी चालवून पाहिली. आवाज आधीच जुळवून दिले, तर माणसं मागाहून जमतात का? जमतात, असं निघालं. चांगलीच जमतात.

त्यातून 'दुवा' आला. शेंगदाण्याएवढं यंत्र, कानात बसवायचं. समोरच्याचा आवाज ते पकडायचं आणि तुमच्या स्वतःच्या बोलण्याच्या चालीकडे किंचित झुकवून तुम्हाला ऐकवायचं. शब्द तेच राहायचे, फक्त त्यातली घाई, कंप, चिरकेपणा निघून जायचा. जोडीला छातीवर एक बिल्ला. तुम्हाला काय हवंय आणि समोरच्याला काय हवंय, हे दोन दुवे आपसात बोलून घ्यायचे आणि जमण्यासारखं असेल तर बिल्ल्यावर हिरवा दिवा लागायचा. मग कानात हळूच सूचना: मुलीची बारावी विचारा. आता भावाचं बोलू नका. आता हसा.

धंद्याच्या परिषदा आणि प्रदर्शनं यांचा त्याने कायापालट केला. पूर्वी अशा ठिकाणी निम्मी माणसं चहाचा कप धरून भिंतीशी उभी असायची आणि चार बोलघेवडी माणसं सगळ्या ऑर्डरी घेऊन जायची. आता भिंतीशी कुणी उभं राहीना. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की दुवा न लावता परिषदेला येणं म्हणजे बनियनवर लग्नाला जाण्यासारखं झालं. आणि मधेच तो काढला, की बिल्ल्यावर लाल दिवा. याला काहीतरी लपवायचंय, असाच त्याचा अर्थ घेतला जायचा.

रेवती मगदूमला या दुव्याने बरंच काही दिलं होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत नरदे फेरोकास्ट नावाची फाउंड्री होती, तिथल्या प्रयोगशाळेत ती धातूची तपासणी करायची. बोलायला भिडस्त, आवाज चिरका. आठ वर्षांपूर्वी मालक अजित नरदे यांनी तिच्या कानात दुवा घातला आणि तिला विक्रीकडे आणलं. आता कंपनीच्या निम्म्या ऑर्डरी तिच्या ओळखींवर यायच्या. त्यातली सगळ्यात मोठी ओळख म्हणजे विवेक तारळेकर. 'सह्यगती' नावाची कंपनी बस बनवायची, तिच्या खरेदी विभागाचे ते प्रमुख. साठीकडे झुकलेले, बोलणं संथ आणि घरंदाज. रेवतीला ते वडीलभावासारखे वाटायचे. तिच्या आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी रोज फोन केला होता. ते दुव्याने सुचवलं म्हणून, की आपणहून, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात पुण्याबाहेरच्या प्रदर्शन केंद्रात वाहन उद्योगाचा मेळावा भरला, तेव्हा रेवती आपल्या कंपनीच्या गाळ्यात सकाळपासून मांडामांड करत होती. मध्यभागी चौथऱ्यावर ठेवायचा होता एक 'नकल'. बसचं पुढचं चाक ज्याच्या आधाराने वळतं तो ओतीव लोखंडाचा सांधा. हा नकल मानाचा होता. नरदे फेरोकास्टच्या नव्या भट्टीतून पहिल्या दिवशी निघालेल्या मालातला. त्याला चकाकी देऊन, खाली पितळी पाटी लावून आणला होता. त्याच्या बरोबरीचे बाकीचे नकल सह्यगतीच्या पहिल्या दहा बसना लागले होते. त्या बस केंद्राच्या मागच्या आवारात झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. दुपारी त्यांना झेंडा दाखवला जाणार होता आणि गणपतीला कोकणात निघालेली मंडळी घेऊन त्या तिथूनच घाटाच्या वाटेला लागणार होत्या.

चौथऱ्यावर चढवताना नकल रेवतीच्या हातातून निसटला आणि फरशीवर पडला. फरशी फुटायला हवी होती. फुटला नकल.

ती खाली बसली. तुकड्यांच्या आतला भाग तिने बोटाने चाचपला. काळपट, भरड. आठ वर्षं तिने प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं, तरी त्या रंगाचा अर्थ तिला विचारावा लागला नाही.

लोखंडाच्या रसात मॅग्नेशियम घालतात ते यासाठी की आतला कार्बन गोठताना पापुद्रे धरू नये, गोळ्या धराव्यात. गोळ्यांचं लोखंड ताण आला तर वाकतं, पापुद्र्यांचं सरळ तुटतं. पण मॅग्नेशियम फार वेळ टिकत नाही. रस तयार झाला की लगेच साच्यात ओतावा लागतो. थांबलात, तर मॅग्नेशियम उडून जातं, रस तसाच लालबुंद दिसत राहतो आणि वरून कुणाला काही कळत नाही.

त्या दिवशी रस थांबला होता. तिला सगळं लख्ख आठवलं. नव्या भट्टीचा शुभारंभ, मांडव, सनई, नारळ. प्रमुख पाहुणे तारळेकर. पहिला रस त्यांच्या हस्ते ओतायचा म्हणून भट्टीवाल्यांनी भांडं तयार ठेवलेलं. तपासणीचा नमुना त्या माणसांनी नेमाप्रमाणे, रस ताजा असतानाच ओतून घेतला होता, म्हणून तर कागदावर सगळं पास होतं. आणि मग तारळेकर बोलायला उभे राहिले. दोन शब्द बोलायचे होते, पण ते रंगात आले. रस तयार आहे, असं भट्टीवाल्याने खुणेने विचारलं, आणि रेवतीने हात वर करून त्याला थांबवलं. तिच्या बिल्ल्यावर त्या वेळी इतका स्वच्छ हिरवा दिवा होता की पाहुण्याचं भाषण तोडायचं तिच्या मनातही आलं नाही. पुढच्या वर्षाची ऑर्डर त्या भाषणातच पक्की झाली होती.

अजित नरदे गाळ्यात आले तेव्हा ती अजून फरशीवरच होती. तिने सांगितलं. नरद्यांनी ऐकून घेतलं, तुकडे उचलले, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले.

"शोभेचा पीस आहे तो, रेवती. पॉलिश करताना तडा गेला असणार."

"साहेब, आतला रंग बघा की."

"नमुना पास आहे न्हवं? सही कुणाची आहे? लॅबची. मग झालं." त्यांच्या आवाजात कुठेही काळजी नव्हती. तिला ऐकू येत होती ती त्यांच्या आवाजाची तिच्याच चालीत बसवलेली, समजूतदार आवृत्ती. पण हातातलं पुडकं त्यांनी दोनदा सोडून पुन्हा गुंडाळलं. "सणानंतर बघू. आज हा विषय काढलास तर अडीचशे घरांची चूल विझेल, हे डोक्यात ठेव. तुझंबी घर त्यातच आलं."

पुडकं घेऊन ते गाडीकडे गेले. रेवतीच्या हातात पुरावा म्हणून काही उरलं नाही.

तिने वाहतूक खात्याच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या माणसाने तपासणीचा अहवाल पडद्यावर काढला आणि तो पास असल्याचं अत्यंत आपुलकीने तिला सांगितलं. बस थांबवू शकेल असा एकच माणूस आता तिच्या ओळखीचा होता.

तारळेकर मुख्य दालनात भेटले. दालनात हजारेक माणसं, यंत्रांची घरघर, पंखे; दुव्याशिवाय शेजारच्याचंही ऐकू येणार नाही असा कल्लोळ. दोघांच्या बिल्ल्यांवर हिरवे दिवे लागले.

"या रेवती. आई कशा आहेत?"

"सर, ऐका. नव्या भट्टीच्या पहिल्या दिवसाचे नकल खराब आहेत. तुटतील ते. आज गाड्या सोडू नका."

ती जवळजवळ ओरडत होती. तारळेकरांनी मान हलवली, शांतपणे, एखादी सूचना आवडल्यासारखी.

"असं होय. अहवाल तर पास दिसतोय. सोमवारी एक बैठक लावू या का? तुम्ही, मी आणि आमचे गुणवत्तावाले."

"सोमवारी नाही सर, आत्ता. घाटात माणसं मरतील."

"हो, हो. तुमची कळकळ मला आवडते. सोमवारी नक्की बसू." त्यांनी तिचा हात हातात घेऊन दाबला आणि ते पुढच्या हिरव्या दिव्याकडे वळले.

रेवती तिथेच उभी राहिली. ते निर्दय नव्हते. ते तिचं बोलणं टाळतही नव्हते. तिचा प्रत्येक शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता. पोचली नव्हती ती भीती. त्यांच्या कानातल्या दुव्याने तिचा कापरा, चिरका आवाज त्यांच्याच संथ, घरंदाज चालीत बसवून दिला होता. घाटात माणसं मरतील, हे वाक्य त्यांनी ऐकलं ते जेवायला चला म्हटल्यासारखं. आणि अशा आवाजात सांगितलेल्या तातडीवर कोण धावणार? दालनातला प्रत्येक विक्रेता आपापल्या गिऱ्हाइकाला दिवसभर हेच सांगत होता की हे फार तातडीचं आहे.

तिने स्वतःचा दुवा काढला. एकदम दालन अंगावर आलं. त्या गोंगाटात हजार माणसं आपापल्या खऱ्या आवाजात ओरडत होती, किंचाळत होती, खोकत होती आणि चेहऱ्यावर मात्र सगळ्यांच्या मंद हसू होतं. तिच्या बिल्ल्यावर लाल दिवा लागला. समोरून येणारे दोघे तिला वळसा घालून गेले. पण तिचा दुवा काढून काय उपयोग? आवाज घासला जात होता तो ऐकणाऱ्याच्या कानात. दुवा तारळेकरांनी काढायला हवा होता.

ती त्यांची वाट पाहायला मागच्या आवारात गेली. तिथे दहा बस एका ओळीत उभ्या होत्या. माणसं सामान चढवत होती. कुणाच्या हातात मखराचे पुठ्ठे, कुणाच्या डोक्यावर पेट्या, पोरं खिडकीच्या जागेवरून भांडत होती. पहिल्या बसचा चालक, परब नावाचा मालवणकडचा मध्यमवयीन माणूस, चाकाखाली लिंबू ठेवत होता. चालकांना दुवा लावायला कायद्याने बंदी होती, म्हणून इथे सगळे मोकळ्या कानांनी बोलत होते. रेवतीला ते आवाज फार उघडे वाटले.

झेंड्याची तयारी बघायला तारळेकर बाहेर आले. तिच्या छातीवरचा लाल दिवा पाहून ते थबकले.

"रेवती, हे काय? दुवा लावा आधी. लोक बघताहेत."

"तुम्ही काढा, सर."

"कशासाठी?"

"तुम्ही काढल्याबिगर तुम्हाला ऐकू येणार नाही, मी काय म्हणतो ते." घाबरल्यावर तिची कोल्हापूरची बोली वर यायची, बायकाही 'मी म्हणतो' म्हणतात ती; घरात, आईजवळ ती अशीच बोलायची.

त्यांचा हात कानाकडे गेला आणि तिथेच थांबला. चेहऱ्यावर असा भाव आला की रेवती चपापली. गर्दीत कुणी अंगावरचे कपडे काढायला सांगावं तसे ते दिसत होते.

"ते नाही जमायचं," ते म्हणाले. "दुसरं काहीही सांगा."

"आठ वर्षांत मी तुमच्याकडं नुसत्या ऑर्डरी मागितल्या. आज ऑर्डर जाऊ दे. नोकरी जाऊ दे. एवढं एकच करा, नाहीतर मी त्या चाकांपुढं आडवी पडतो."

हे सगळं त्यांना गोडच ऐकू गेलं असणार. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डोळ्यांपुढे दुव्याचं काही चालत नव्हतं. तारळेकरांनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्यांनी दुवा काढला आणि मुठीत धरला.

"बोला" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तिने वाट पाहिली नाही. ती बोलत सुटली. भांडं तयार होतं, तुमचं भाषण चालू होतं, त्याने खुणेनं विचारलं, मी हात केला, मी थांबवलं, नमुना आधीचा आहे, नकल फरशीवर पडून फुटला, मी ह्या हातांनी तुकडे धरलेत. तिचा आवाज मधेच फाटत होता, मधेच इतका बारीक होत होता की शब्द सुटत होते. तारळेकर तिच्याकडे बघत राहिले, एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसे. आठ वर्षांच्या ओळखीत हा आवाज त्यांनी कधीच ऐकला नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला. भीती त्यांना पोचली होती.

"म… म… म…" ते म्हणाले. मान ताणली गेली, डोळे मिटले, उजवा हात मांडीवर आपटू लागला. "मा… माझं भ… भ…"

रेवतीला समजायला थोडा वेळ लागला. तिने कुठेतरी वाचलं होतं, की माणसाला स्वतःचा आवाज जरासा उशिरा, जरासा खालच्या पट्टीत ऐकवला तर काहींचं तोतरेपण जातं. चाली जुळवताना दुवा ते आपोआप करायचा. त्यासाठी तो बनवलेला नव्हता, पण करायचा. शाळेत हजेरीला "हजर" म्हणता न येणारा, मुलाखतींमधून परत येणारा, पन्नाशीपर्यंत मागच्या टेबलावर कागद तपासत बसलेला एक माणूस त्या शेंगदाण्याएवढ्या यंत्राने बोलता केला होता. म्हणून ते त्या दिवशी मांडवात इतकं बोलले. उभं राहून, माईकसमोर, न अडखळता. थांबावंसं त्यांना कसं वाटेल? तिला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि त्याच क्षणी हेही उमगलं की या माणसाला ती आज पहिल्यांदा भेटते आहे.

"भा… भाषण," ते अखेर म्हणाले. "मा… माझं भाषण."

"माझा हात," ती म्हणाली.

आतून ध्वनिक्षेपक वाजला. पाहुणे झेंडा दाखवायला निघाले होते. तारळेकरांनी मुठीतल्या दुव्याकडे पाहिलं. तो लावून ते आत जाऊ शकत होते, वरिष्ठांना गाठू शकत होते. तिथे सगळ्यांच्या कानांत दुवे होते. त्यांनी कितीही जीव तोडून सांगितलं असतं, तरी सोमवारची बैठक ठरली असती. इथे, या आवारात मात्र मोकळे कान होते. दुवा लावून इथे अस्खलित बोलता आलं असतं, हेही त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनी तो कानापर्यंत नेलासुद्धा. पण सह्यगतीचे दुवे कंपनीच्या कार्यालयाला जोडलेले होते, त्यांतलं बोलणं तिथे ऐकू जायचं. त्यांनी गाड्या थांबवा म्हटलं असतं त्याच क्षणी वरून कुणीतरी चालकांना फोन करून हुकूम फिरवला असता. त्यांनी दुवा खिशात टाकला आणि ते पहिल्या बसकडे चालू लागले.

परबाने त्यांना ओळखलं, लगबगीने पुढे आला. "साहेब, झेंडो दाखवूची येळ झाली मां?"

"ग… ग… गाडी…" तारळेकर थांबले. मान पुन्हा ताणली गेली. मागे उभ्या असलेल्या दोन चालकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला हसू आवरलं नाही.

परब हसला नाही. "बसा साहेब. पाणी देऊ?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "गा… गाडी हलवायची न… नाही. प… पुढचं चाक तुटेल. कि… किल्ल्या द्या."

"कोण म्हणता?"

"म… मी."

परबाने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. इतक्या हालअपेष्टा सोसून माणूस खोटं बोलत नसतो, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. त्याने किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि बाकीच्या चालकांना हाक मारली. एकेक किल्ली येऊ लागली. रेवतीचा फोन वाजत होता. नरद्यांचं नाव होतं. तिने तो वाजू दिला.

पण माणसं बसमध्ये बसलेली होती, आणि माणसांना किल्ल्यांचं काय? वर्षभर आधी आरक्षण केलेलं, गावी गणपती आणायचा, भाऊबंद वाट बघत असलेले. आतून ओरडा सुरू झाला. कुणी म्हणालं, दुसरा चालक बोलवा. कुणी म्हणालं, किल्ल्या कशाला घेतल्या, चोर आहे का हा? दालनाकडून दोन सुरक्षारक्षक धावत येत होते. ते पोचायच्या आत माणसं खाली उतरायला हवी होती. रिकाम्या गाड्यांना झेंडा कोण दाखवणार?

तारळेकर पहिल्या बसच्या पायरीवर चढले. दांडा धरून आत उभे राहिले. पन्नासेक चेहरे त्यांच्याकडे वळले. रेवती मागे पायरीवर होती. त्यांना काय म्हणायचंय ते तिला ठाऊक होतं, तिच्या ओठांवर होतं. तिने ते म्हटलं असतं तर एका क्षणात काम झालं असतं, निदान तिला तसं वाटलं. पण तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि ती गप्प राहिली.

"उ…" तारळेकर म्हणाले.

पुढे काही येईना. गळ्याच्या शिरा फुगल्या. हात दांड्यावर आपटत राहिला. "उ… उ…"

पहिल्या रांगेतल्या एका पोराने त्यांची नक्कल केली आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मागचा ओरडा विरत गेला. एक म्हातारे गृहस्थ मखराचा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. ते नकळत पुढे झुकले. कुणीच तारळेकरांचा शब्द पुरा करायला गेलं नाही. सगळी बस एका माणसाच्या तोंडाकडे बघत श्वास रोखून बसली होती, आणि काय आहे ते कळायच्या आधीच सगळ्यांना भीती वाटू लागली होती.

"उतरा," तारळेकर म्हणाले.

म्हातारे गृहस्थ पहिले उठले. त्यांनी मखर रेवतीच्या हातात दिलं, दांडा धरला आणि सांभाळून एकेक पायरी उतरले. त्यांच्यामागून बाकीची माणसं सामान काढू लागली. तारळेकर खाली आले, रुमालाने तोंड पुसलं आणि दुसऱ्या बसच्या पायरीवर चढले.